तुला थंडी वाजतेय का?

सुलभाताईंच्या घरी गेलं की त्या आधी पाणी विचारत नसत. ‘थंडी वाजतेय का तुला?’ असं विचारायच्या, उन्हाळ्यात ‘उकडतंय का?’, आणि मग गप्प बसायच्या. उत्तर येईपर्यंत ना पंख्याला हात, ना खिडकीला. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळींत यावरून त्यांची भरपूर थट्टा चालायची. ‘हवामान खातं’ म्हणायचे लोक त्यांना. म्हणोत बापडे. त्या प्रश्नाची किंमत ज्यांना कळायची त्यांना कळत होती.

मी पहिल्यांदा गेले ती जानेवारीत. त्या राहायच्या ती दिल्लीच्या कडेची द्वारका तेव्हा नुसती सिमेंट आणि धूळ होती, मेट्रोचे खांबसुद्धा उभे राहिले नव्हते. मुनिरकातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतून बस बदलत, कुडकुडत पोचले, तर यांच्या घराची खिडकी सताड उघडी. ताईंनी विचारलं. मी म्हटलं, “नाही, यंदा तितकीशी थंडी नाहीये.”

“यंदाचं नाही विचारलं मी. तुला वाजतेय का?”

मी विचार करायला लागले. दात वाजत होते माझे, आणि मी बसून विचार करत होते. शेवटी म्हटलं, “माहीत नाही.” आणि रडू कोसळलं. ताईंनी खिडकी लावली नाही. “लावायची का, ते तू सांग,” एवढंच म्हणाल्या. मला सांगायला बराच वेळ लागला, आणि तोवर त्याही माझ्यासोबत त्या गारठ्यात बसून राहिल्या.

माझ्या नवऱ्यानं कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. आमच्याकडे सगळं हसतखेळत व्हायचं. थंडी वाजली की “एवढी कुठे आहे?”, वाईट वाटलं की “मी असं म्हणालोच नव्हतो”, ताप आला की “तुझं सगळंच जास्त असतं यार.” पुढेपुढे मला भूक लागली आहे की नाही, हेही मी त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायला लागले. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, “अगं, देवमाणूस आहे तो. सुख दुखतंय तुला.” देवमाणसाच्या घरातून मी एका बॅगेनिशी बाहेर पडले, तेव्हा मला माझ्याबद्दल काहीही ठाऊक नव्हतं.

अशा आम्हा माणसांना ताई शनिवारी दुपारी घरी बोलवायच्या. त्यांनी शाळेत मानसशास्त्र शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर त्या समुपदेशन शिकल्या आणि यजमानांच्या फंडातून घेतलेल्या या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. “माझ्या नावाचं हे पहिलं दार,” म्हणायच्या. “बापाचं झालं, नवऱ्याचं झालं. आता मरेपर्यंत या दाराची कडी मी लावणार.” दारावरची पाटी नुसती ‘सुलभा’ अशी होती. ती त्या रोज पदरानं पुसत.

सल्ला मागितला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. “मला विचारू नकोस. एक मालक सोडून दुसरा करायला आलीयेस का इथे?” हेच हिंदीत खन्नाजींना ऐकवायच्या. खन्नाजी पन्नाशीचे गृहस्थ, करोलबागेत कापडाचं दुकान, पण मोठ्या भावाला विचारल्याशिवाय मोजे बदलायचे नाहीत. एकदा ताईंनी आम्हाला पानिपतला नेलं, ब्लँकेटं घ्यायला. “मराठी माणूस तिथे हरायलाच जातो म्हणतात. आपण निदान ऊब घेऊन येऊ,” असं बसमध्ये म्हणाल्या. अट एकच होती, आपापलं ब्लँकेट आपण निवडायचं.

दुकानात ढीग उपसून झाले, तरी खन्नाजींचं ठरेना. मग “अभी आया” म्हणून ते सटकले. ताई पाठोपाठ, त्यांच्यामागे मी. बघतो तर हे एसटीडी बूथमध्ये भावाचा नंबर फिरवतायत. ताई काचेबाहेर नुसत्या उभ्या राहिल्या. खन्नाजींनी त्यांना पाहिलं आणि हळूच रिसीव्हर ठेवला. परत येऊन त्यांनी पोपटी रंगाचं असं काही भडक ब्लँकेट उचललं की दुकानदारही हसला. “बिल्कुल आप ही का है,” ताई म्हणाल्या. ताईंनी स्वतःला विटकरी घेतलं, काळ्या काठाचं. मी निळं. परतताना बसमध्ये सगळे आपापली गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो होतो.

मग मिलिंद दिल्लीला आला. ताईंचा एकुलता एक मुलगा. इतकी वर्षं बंगलोरला होता, आता गुडगावातल्या कंपनीत मोठ्या पदावर लागला, उंच इमारतीत फ्लॅट घेतला. वागायला गोड, वाकून नमस्कार करणारा, मला ‘माधुरीताई’ म्हणणारा. त्याला आई घरी हवी होती, आणि आईचं द्वारकेचं घर विकायचं होतं. त्यानं तसं कधी म्हटलं नाही हो. “आई, तू तुझ्या मर्जीनं राहा. लोक मला विचारतात, आई एकटी का राहते. मी ऐकून घेतो, माझं काय.”

ताई शनिवारी आम्हाला हे हसत सांगायच्या. “बघा, हा पहिला धडा. मी वाईट नाही, लोक वाईट. आता पुढच्या आठवड्यात याचे बाबा येतील.” आणि खरंच पुढच्या आठवड्यात ‘बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं’ आलं. मग त्याची तब्येत आली, रक्तदाब आला. ताई एकेक डाव आधी सांगायच्या आणि तो तसाच पडायचा. आम्ही टाळ्या द्यायचो. मला वाटायचं, ही बाई कुणाला हार जायची नाही.

पण हळूहळू ताई सांगायच्या थांबल्या. एका शनिवारी मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, “माधुरी, मी घर विकायला हो म्हटलं होतं का गं? मिलिंद म्हणतो, दिवाळीत म्हटलं होतंस. मला आठवत नाही.” हे वाक्य मी ओळखत होते, या वाक्यासोबत मी दहा वर्षं संसार केला होता. मी भडकलेच. “ताई, तुम्ही म्हटलं नव्हतंत. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय ना?”

“पट्टीचा पोहणाराच बुडतो गं,” त्या म्हणाल्या. थोडा वेळ ओटा पुसत राहिल्या. “आणि नवऱ्याला सोडता येतं. तारीख पडते, कागद होतो. पोटच्या पोराला सोडायचं कोर्ट कुठे आहे, सांग मला.”

दोन महिन्यांत घर विकलं गेलं. पाटी काढायला मिलिंदनं माणूस बोलावला होता. ती ताईंनी मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. कडी लावायची वेळ आली तेव्हा त्या खाली गाडीत बसलेल्या होत्या.

गुडगावला मी गेले ती ऐन जूनमध्ये. बाहेर लू चाललेली, माझी साडी घामानं अंगाला चिकटलेली, आणि आत पाऊल टाकताच अंगावर काटा आला, इतका एसी. ताई सोफ्याच्या कोपऱ्यात पातळ सुती साडीत बसलेल्या, हात पदराखाली ओढून घेतलेले. केवढ्या वाळल्या होत्या.

“आईला एसी फार आवडतो,” मिलिंद कौतुकानं म्हणाला. “बिचारीनं जन्म उकाड्यात काढला.”

मी विचारलं, “ताई, तुमचं पानिपतचं ब्लँकेट कुठाय?”

“ते ड्रायव्हरला दिलं,” मिलिंद म्हणाला. “आईच म्हणाली, देऊन टाक.”

“मी म्हटलं?” ताई.

“म्हटलंस ना आई.”

“असेल,” ताई म्हणाल्या.

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले, पदराखालचा हात हातात घेतला. “ताई, थंडी वाजतेय का तुम्हाला?”

त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. “नाही गं. इतकी कुठे आहे?”

“खोलीचं नाही विचारलं मी. तुम्हाला वाजतेय का?”

मग मी गप्प बसले, त्या बसायच्या तशी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या खरोखरच विचार करू लागल्या. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“बघितलंत माधुरीताई?” मिलिंद हळूच म्हणाला. “हे असं होतं हल्ली. डॉक्टरांना दाखवायला हवं.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते, खरंच होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. पुढच्या वेळी गेले तर फाटकावरच्या गार्डनं इंटरकॉमवर विचारून सांगितलं, “मॅडम, ऊपर से मना है.” त्यानंतरही तेच. फोन केला तर मिलिंद अतिशय नम्रपणे म्हणायचा, “तुम्ही येऊन गेलात की आई अस्वस्थ होते.”

ताई गेल्याचं मला खन्नाजींनी कळवलं, तेही सगळं उरकल्यावर. मी मिलिंदला भेटायला गेले. त्या दिवशी गार्डनं अडवलं नाही. हॉलमध्ये ताईंचा मोठा फोटो, हार, लोकांची रीघ. जो येईल त्याला मिलिंद सांगत होता, “आई शेवटपर्यंत मजेत होती. काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही तिला.” लोक माना हलवत होते. माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, “असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.”

मी फोटोला हात जोडले आणि निघाले. निळं ब्लँकेट मी अजून वापरते. जानेवारीत स्वतःला तो प्रश्न विचारते आणि अजूनही उत्तर देण्याआधी नजर दाराकडे जाते, घरात दुसरं कुणी नसलं तरी. तेवढी माझी सवय ताईंच्या हातून सुटायची राहून गेली. पण एका गोष्टीबद्दल मला कुणाच्याही तोंडाकडे बघावं लागत नाही. त्या दिवशी त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो बर्फासारखा गार होता. ताईंना थंडी वाजत होती.