काळं केलेलं रिव्हॉल्व्हर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुग्धाला, माझ्या बायकोलाही नाही. येत्या रविवारी आमच्या इमारतीची सभा आहे, इथे टोकियोजवळच्या उरायासूत. तिथे उभा राहून सगळं सांगणार आहे — ठरलंय, आता माघार नाही. पण आधी एकदा मराठीत बोलतो. जपानीत मी उगाच फार सभ्य वाटतो.

खालच्या मजल्यावर ओकादा-सान राहायचे. सत्तरी उलटलेले, एकटे. नाद एकच — जुन्या पिस्तुलांची, रिव्हॉल्व्हरांची धातूची मॉडेलं. गोळी सुटत नाही, पण आतला खटका न् खटका खऱ्यासारखा. शनिवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. मी पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, आयुष्यात साधी छर्ऱ्याची बंदूक धरलेली नाही — पण काय रमायचो! मेजी काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, घोडदळाचं रिव्हॉल्व्हर माझं लाडकं. वरून मोडल्यासारखं उघडायचं. बाजूची पट्टी दारासारखी फिरवली की सगळी यंत्रणा समोर. गोळ्यांचं चक्र मात्र सैल, नुसतं घासलं तरी फिरायचं. ‘हुशार माणसांची चूक,’ ओकादा-सान हसून म्हणायचे.

तेच मॉडेल त्यांनी मला भेट दिलं. सोनेरी. इथे कायदाच आहे — धातूचं नकली पिस्तूल पिवळं नाहीतर पांढरं हवं, नळी बुजवलेली हवी. रंगाला हात लावू नका, एवढंच ते म्हणाले. आणि मी काय केलं? बाल्कनीत बसून काळं केलं! कशासाठी? कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकायला. वाहवा झाली. मग एकाने विचारलं, जपानात हे चालतं का रे? तेव्हा कुठे शोधून पाहिलं — नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा. आणि आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज आत गेलेला. पाचावर धारण बसली. सरळ खाली जाऊन ओकादा-सानांना दाखवता आलं नसतं? आलं असतं की. पण मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि न जळणाऱ्या कचऱ्यात ठेवून आलो. कचऱ्याच्या वर्गवारीत मात्र माझी चूक नाही हं!

कचरा नेणाऱ्यांना ते सापडलं, पोलीस आले. पिस्तुलांचा शौकीन कोण, हे अख्ख्या इमारतीला माहीत. मी मूग गिळून बसलो — हे तुम्ही ओळखलंच असेल. पण तेवढ्यावर भागलं असतं तर... नाही, सांगतोच. पोलिसाने मला लिफ्टपाशी थांबवलं. तुम्ही त्यांच्याकडे जाता ना, तिथे असं काळं पाहिलंत का?

मी म्हणालो, ‘तबुन.’ म्हणजे, बहुतेक.

खोटं बोललो. एका अर्जासाठी मी त्या भल्या माणसाला विकलं. स्वतः दिलेली वस्तू त्यांनी ओळखली नसेल? तरी माझं नाव घेतलं नाही, वस्तू आपलीच आहे म्हणाले. सगळा संग्रह त्यांनी मोडीत दिला. आया मुलांना त्यांच्या दारावरून जाऊ देईनात. शेवटी ते मुलीकडे राहायला गेले. आम्हाला मंजुरी मिळाली, मी ऑफिसात मिठाई वाटली. लाज वाटते म्हणणंसुद्धा आता निर्लज्जपणाचं आहे. रविवारनंतर ती मंजुरी राहो की जावो.

जाण्याआधी ते दारोदार माफी मागत फिरले, हातात खाऊचे डबे घेऊन — इथली रीतच आहे ती. आमच्या दारातही कमरेत वाकले. तुम्हाला त्रास झाला, म्हणाले. बाकी सगळ्यांना केक दिले होते. आम्ही अंडं खात नाही, म्हणून आमच्यापुरत्या वेगळ्या, गोड डाळीच्या वड्या शोधून आणल्या होत्या. मी दोन्ही हातांनी डबा घेतला, वाकलो, दार लावलं. मुग्धा म्हणाली, बिचारे. मी हो म्हणालो. मग तिने चहा टाकला, आणि चहाबरोबर मी त्या वड्या खाल्ल्या. आवडल्या मला.