चुंबकाच्या सोंगट्या

मरोळच्या कारखान्यात मी रेडिओच्या कॉइली गुंडाळायला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. घाटकोपर स्टेशनजवळून कंपनीची बस सुटायची. त्या बसमध्ये माझ्या शेजारी माहुलच्या कोळीवाड्यातली एक मुलगी बसायची. तिचा भाऊ बोटीवर खलाशी होता. त्याने तिच्यासाठी परदेशातून एक खेळ आणला होता. कंपासपेटीएवढा पत्र्याचा डबा, उघडला की आत चौकटी आखलेला पट आणि नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या. सोंगट्यांच्या पोटाला चुंबक होतं, त्यामुळे साकीनाक्याच्या खड्ड्यांत बस कितीही आदळली तरी त्या हलत नसत.

प्रत्येक सोंगटीवर रस्त्याचा एक तुकडा होता, सरळ नाहीतर वळणाचा. एकीने आपला रस्ता डावीकडून उजवीकडे न्यायचा, दुसरीने वरून खाली. "वाट लागली गो तुझी," शेवटची सोंगटी टेकवताना ती शांतपणे म्हणायची. घरी आम्ही भावंडं पुष्कळ, माझी एकटीची अशी वस्तू एकही नव्हती. बसमधली ती अर्धी सीट तेवढी मला माझी वाटायची.

मग मुलुंडहून एक नवी मुलगी कामाला आली. गोरी, चटपटीत, बोलायला कुणाला न भिणारी. ती आमच्या मागे उभी राहून डाव बघायची. मधेच आई आजारी पडली म्हणून मी रजा घेतली. परत आले तर माझ्या जागेवर मुलुंडवाली, आणि दोघींच्या गुडघ्यांवर डबा.

"बस ना मागे," माझी मैत्रीण म्हणाली, "एवढा डाव होऊ दे."

मरोळ आलं तरी डाव झाला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मागच्या सीटवरून त्या दोघींची जवळ आलेली डोकी बघत राहायचे. मुलुंडवाली हरली की मला बरं वाटायचं, पण हरूनही ती हसायची आणि मग माझी मैत्रीणही हसायची. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीकडून मला मिळणारा तळलेला बोंबील आता मुलुंडवालीच्या डब्यात जायला लागला.

शेवटी मी विचारलंच, "माझ्याशी का खेळत नाहीस गं?"

"तू नुसती अडवत बसतेस," ती म्हणाली. "तिचा रस्ता कुठे जाईल ते कळत नाही. मजा येते."

हे मला फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते शिमग्याला. मैत्रीण रजेवर गेली आणि मुलुंडवालीने आपल्या पिशवीतून तो खेळाचा डबा काढला. मला मैत्रिणीने तो कधी घरी नेऊ दिला नव्हता.

"खेळतेस?" मुलुंडवालीने विचारलं. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी बसले, ते तिला हरवायलाच. तिच्या प्रत्येक वळणापुढे मी सोंगटी ठोकली.

"असं अडवायला मला पण शिकव ना यार," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. मी शिकवायला लागले. बघता बघता मला तिचं हसणं आवडायला लागलं, आणि त्याचाही राग आला.

आम्ही अशाच पटात गुंगलेल्या असताना एका सकाळी माझी मैत्रीण बसमध्ये चढली. कानामागे शिमग्याचा रंग अजून होता. आमच्यापाशी दांडा धरून ती जराशी थांबली.

"थांब हं, झालंच," मुलुंडवाली म्हणाली.

मैत्रीण मागे जाऊन बसली. तिची नजर मानेवर जाणवत होती आणि खरं सांगते, त्या एका फेरीत मी सुखी होते. उतरताना तिने हात पुढे केला. "डबा दे. भाऊ आलाय, मागतोय."

डबा पुन्हा बसमध्ये आला नाही. कुणी विचारलंही नाही. आम्ही तिघी एकत्र जेवायचो, बसमध्ये मात्र वेगवेगळ्या बसायचो. पुढे माझ्या मैत्रिणीचं मढला लग्न झालं आणि तिने नोकरी सोडली. त्यानंतरच मुलुंडवाली आणि मी शेजारी बसायला लागलो. मुलुंडवाली तिचा विषय काढायची, मी खिडकीबाहेर बघायचे.