शनिवारी कचराडेपोवर ठरलेलं

मॅसॅच्युसेट्सच्या टेकड्यांतल्या त्या गावाचं आरोग्य मंडळ तिघांचं. त्यातले दोघं जरी आपसात मंडळाच्या कामाचं बोलले, तरी कायद्याने ती चोरून घेतलेली सभाच. बोलायचं ते टाऊन हॉलमध्ये, चारचौघांत. अध्यक्ष लोरेन पेलकी, शाळेतली निवृत्त नर्स, या नियमाची एवढी कट्टर की चर्चमध्येसुद्धा मंडळातल्या हॉलिसच्या बाकावर बसायची नाही. गाव हसायचं. तिला मनातून त्याचाही अभिमानच होता.

आणि तीच बाई शनिवारी घसरली. कचराडेपोवर बाटल्या टाकताना हॉलिसने विषय काढला. "त्या एम्रीचं काय करायचं गं? सेप्टिक टाकी फुटलीय, घाण तळ्यात चाललीय."

थंडीने बोटं बधिर झालेली, घरी जायची घाई. लोरेन बोलून गेली, "मुदतबिदत नाही. घर बंद करू."

"मग ठरलं!"

सोमवारी तिसरी सभासद डेला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणजे एम्रीच्या सुनावणीला हे दोघंच. एम्री गॅनन टाय बांधून आला. म्हातारा उभ्यानेच बोलत राहिला. बायकोच्या आजारपणात टाकीकडे बघणं झालं नाही. आता जमीन गोठलीय, खणता येत नाही. बर्फ वितळेपर्यंत टाकी दर आठवड्याला उपसून घेतो, थेंब बाहेर जाऊ देत नाही. "भर हिवाळ्यात घराबाहेर काढलंत तर जाऊ कुठे?"

लोरेन मान डोलवत होती. कानात काही शिरत नव्हतं. निकाल तर आधीच लागलेला.

हॉलिसने घर बंद करण्याचा ठराव मांडला. आता लोरेनने अनुमोदन दिलं की संपलं.

"काय ते ठरव, लोरेन," एम्री म्हणाला. "तू नियमाची बाई. माझं सगळं ऐकून घेतलंस, एवढं पुरे."

लोरेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाकी उपसायचं हा काय म्हणाला, तेही तिला धड आठवेना.

"अनुमोदन नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघांनी हे शनिवारीच ठरवलं होतं. कचराडेपोवर."

"अगं, वेड लागलंय का तुला!" हॉलिस खेकसला.

"लागू दे. एम्री, ही सुनावणी रद्द. डेला आली की पुन्हा घेऊ. तोवर तुझं घर तुझं."

एम्रीला आनंद झालेला दिसला नाही. टायची गाठ सैल करत तो खाली बसला.

"मग आत्ता इतका वेळ मी कुणाशी बोलत होतो गं?"