पेरांबूरचे टर्नर

यंदाच्या सुटीत मी कोल्हापूरहून चेन्नईला गेले ती समुद्र आणि देवळं पाहायला. पाहिला तो पत्र्याच्या शेडमधला एक जुना लेथ (कातकामाचं यंत्र), आणि तीन दिवस तिथेच राबले. तक्रार नाही.

माझा धाकटा भाऊ नंदू चेन्नईजवळ आवडी गावी संरक्षण कारखान्यात आहे. त्याच्या क्वार्टरवर पोचून चहा होतो न होतो तोच तो म्हणाला, "ताई, उद्या पेरांबूरला जाशील? टर्नरसाहेब अडचणीत आहेत."

टर्नरसाहेब हे नंदूचे कारखान्यातले पहिले मास्तर. अँग्लो-इंडियन, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या नातीचं, शॅरनचं, शनिवारी लग्न होतं. घराण्याची रीत अशी, की चर्चमध्ये मेणबत्त्या लावायची शमादानांची जोडी लग्न करणाऱ्या टर्नरने स्वतः लेथवर करायची. साहेबांचे हात आता कापतात. शिकवणार कोण?

"तू का नाही जात?"

"मी सीएनसीवाला. बटणं दाबतो. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड कोण शिकवतं, मी की तू?"

बुधवारी लोकलने निघाले आणि पेरांबूरची पाटी दिसताच उतरले. फलाटावर मोगरा विकणाऱ्या बाईने कपाळाला हात लावला. "अय्यो अम्मा, इन्नुम रेंडु स्टेशन!" (अजून दोन स्टेशनं!) पेरांबूर नावाची तीन स्टेशनं एका ओळीत आहेत आणि मी पहिल्यालाच उतरले होते. पुढच्या गाडीने गेले.

घर बैठं, लाल फरशीचं, मागे पत्र्याच्या शेडमध्ये लेथ. फळीवर शमादानांच्या पाच जोड्या, प्रत्येकीच्या तळाशी करणाऱ्याचं नाव आणि त्याखाली शिकवणाऱ्याचं. शेवटची जोडी शॅरनच्या वडिलांची. ते ऑस्ट्रेलियात पर्थला असतात, लग्नाच्या आदल्या रात्री यायचे होते.

"मिसेस कातारी," साहेब म्हणाले. ते इंग्रजी आणि हिंदी मिसळून बोलत. "कातारी म्हणजे काय?"

"लाकूड कातणारा. म्हणजे टर्नरच. लग्नानंतरही मी माहेरचंच नाव ठेवलं. माझे वडील लाटणी, रव्या, पाळण्याची खेळणी करायचे."

म्हातारा खुर्चीत ताठ बसला. मग त्यांनी आपल्या आडनावाची हकिगत सांगितली. शब्द फ्रेंच, इंग्लंडवर राज्य करायला आलेल्या लोकांनी आणलेला. खेड्यापाड्यांत पायाने लेथ फिरवून लाकडी वाडगे, पेले, खुर्च्यांचे पाय करणारा तो टर्नर. एका गावात चार जॉन असले की करवसुलीचा कारकून धंदा लिहून मोकळा व्हायचा. पुढे मुलगा खलाशी झाला, नातू पाद्री झाला, तरी नाव टर्नरच.

"सगळे टर्नर लेथवर होते असं नाही हं," ते म्हणाले. "मद्रासला आलेला आमचा पहिला टर्नर शिपाई होता. त्याने लेथ पाहिलासुद्धा नसेल. नाव राहिलं, काम गेलं. मग इथे रेल्वेचं वर्कशॉप आलं आणि त्याच्या पणतवाला लेथवर उभं केलं. काम परत आलं, मिसेस कातारी! इंग्लंडात नाही, पेरांबूरमध्ये."

"आणि आता ते नाव शनिवारी माझ्याबरोबर संपणार, हे रोज ऐकवतात," शॅरन आतून येत म्हणाली. ती सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. "ग्रँपा, माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, कार्तिकला, आडनावच नाही. तमिळ रीतीने बापाच्या नावाचं आद्याक्षर आहे फक्त. मी टर्नर सोडून जाऊ कुठे?"

"लेथवर ये, मग बोल," म्हातारा गुरगुरला. "त्याआधी तू नुसती शॅरन."

लाकूड होतं सागवानाचे दोनच तुकडे, तिच्या आजीच्या पलंगाच्या पायाचे. बुधवार-गुरुवार आम्ही जळाऊ लाकडावर हात बसवला. गुरुवारी जेवायला पिवळा भात आणि बॉल करी (खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा). मी दोनदा वाढून घेतली.

शुक्रवारी सागवान चढवलं. इथे चूक माझी झाली. बावीस वर्षं मी लोखंड कातायला शिकवते. तिथे हत्यार यंत्रात आवळलेलं असतं, ते सरळ पुढे सारायचं. लाकडाला हत्यार हातात धरायचं असतं. ऐन वेळी सवयीने मी ओरडले, "सरळ घाल!" शॅरनने घातलं. पटाशी रुतली, तुकडा सुटून पत्र्यावर आदळला आणि त्याचं एक टोक चिरलं.

शॅरनने लेथ बंद केला. मी तुकडा उचलला.

साहेब डोळे मिटून बसले होते. "तुम्ही लोखंडाला हुकूम देता," ते म्हणाले. "तुमचे वडील काय सांगायचे?"

मला आठवलं. आधी पाठ टेकव, मग धार. पटाशीची पाठ लाकडावर घासू द्यायची, मग मूठ हळूच उचलायची. मी ते शॅरनला सांगितलं. दुसऱ्या तुकड्यावर तिने ते केलं आणि लांब, अखंड छिलका कुरळा होत बाहेर पडू लागला. साहेब नुसत्या आवाजावरून सांगत होते, "जोर कमी. हां. आता खाली ये." चार वाजता एक शमादान तयार झालं, मानेपाशी बारीक, बुडाशी रुंद. चांगलं काम होतं. परीक्षेत मी त्याला पहिला नंबर दिला असता.

पण हवी होती जोडी. चिरलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या तुकड्याचं दुसरं केलं. ते चार बोटं आखूड निघालं. शॅरनने दोन्ही शेजारी ठेवली आणि आजोबांकडे पाहिलं. तो म्हातारा नाही म्हणाला असता तर सगळंच फुकट होतं.

त्यांनी कापत्या बोटांनी दोन्ही चाचपली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तू उंच आहेस, कार्तिक बुटका आहे." मग तिच्या हातात पेन्सिल दिली. "लिही. पूर्ण नाव लिही, मिस टर्नर."

तिने लिहिलं. मग पेन्सिल माझ्याकडे आली. मी मराठीत लिहिलं: कातारी.

शनिवारी चर्चमध्ये दोन उंचींवर दोन मेणबत्त्या जळत होत्या. मागच्या बाकावरची बाई शेजारणीला इंग्रजीत म्हणाली, "जोडी चुकलीय बघ." मी वळून सांगितलं, "नाही चुकली. ती करताना मी उभी होते तिथे."

समुद्र राहिला तो राहिलाच. कोल्हापूरला परतल्यावर सोमवारी नवीन तुकडी समोर उभी होती. मी लोखंडाच्या सळया बाजूला ठेवायला लावल्या, प्रत्येकाच्या हातात लाकडाचा तुकडा दिला आणि वडिलांचा धडा पहिल्यांदा वर्गात सांगितला.