कांद्याची दोन कामं

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी बाई नगरच्या दवाखान्यात वारल्या. दुपारी ऑफिसात फोन आला. संध्याकाळी राहुरीला, चर्चमागच्या कबरस्तानात, त्यांना माती दिली. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो.

बाई म्हणजे आमच्या कौशल्य कार्यालयातल्या बाई. हुद्दा अधिकाऱ्याचा होता, पण त्याआधी त्यांनी आयटीआयमध्ये शिकवलं होतं आणि ऑफिसातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. समोरच्या माणसाला त्याचं काम विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला विचारत, एसटीत कंडक्टरला विचारत. तो म्हणे, "कंडक्टर आहे, अजून काय?" त्यावर बाई म्हणत, "ते बिल्ल्यावर दिसतंय. सकाळपासून काय काय केलंत ते सांगा." आणि राहुरी ते नगर तो सांगत बसे.

आमचं काम बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटेल. जिल्ह्यात कोणकोणती कामं चालतात, ती करणारी माणसं किती, पुढच्या काही वर्षांत किती लागतील आणि त्यासाठी कुठे कोणते वर्ग काढायचे, याचा आराखडा आम्ही करतो. पण माणसं मोजायची तर आधी कामाची व्याख्या लागते. व्याख्या नसलेल्या कामाची माणसं 'इतर मजूर' या रकान्यात जाऊन पडतात. इतरांसाठी वर्ग निघत नाही, इतरांना प्रमाणपत्र मिळत नाही. बाईंचा त्या रकान्यावर राग होता. "इतर म्हणजे काय, लेखकराव? आपण जिथं जाऊन बघितलं नाही, ते सगळं इतर."

लेखकराव मी. मराठीत एम. ए. करून कंत्राटी सहायक म्हणून लागलो होतो आणि बाईंच्या व्याख्या नीट लिहून काढणं माझ्याकडे होतं. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, 'कामगार यंत्राची कुशलतेने हाताळणी करतो.' बाईंनी कागद परत केला. "हे वाचून मला ते यंत्र चालवता येईल का? कुशलतेनं म्हणजे डोळ्यांनी, कानांनी की बोटांनी?" मी साखर कारखान्यात जाऊन आलो. तिथला माणूस रसाच्या उकळीचा आवाज ऐकून वाफ कमी करत होता. मग मी लिहिलं, 'आवाज ऐकून वाफ कमी करतो.' बाई म्हणाल्या, "आता लेखक झालात." माझ्या पदवीपेक्षा त्या वाक्याचा मला अधिक अभिमान वाटला, अजून वाटतो.

दोन कामं एकच आहेत की वेगळी, हे ठरवायची बाईंची एक पद्धत होती. त्या विचारत, "तुम्ही आजारी पडलात, तर तुमच्या जागी कुणाला बोलावतात?" कुणीही चालत असेल तर ते एक काम, ठरावीक माणूसच लागत असेल तर ते वेगळं काम. एकदा त्यांनी हाच प्रश्न आपल्या चर्चच्या पाळकांना विचारला. पाळकसाहेब म्हणाले, "उपदेशाला मंडळीतले कुणी वडील उभे राहतात. पण कुणाच्या घरी दुःख झालं, तर मात्र लोक माझीच वाट बघतात." बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचं खरं काम लोकांच्या ओसरीवर आहे, पाळकसाहेब. उपदेश जोडधंदा." पाळकसाहेब हसले. पुढच्या रविवारी उपदेश पुष्कळ आटोपशीर झाला, असं बाईच सांगत.

पारनेरकडच्या कांदा निवडणाऱ्या बायांचं काम आराखड्यात घ्यायचं, हे त्यांनी फार दिवस मनात धरलं होतं. या बाया पिढ्यान्पिढ्या 'इतर'मध्ये होत्या. त्या वर्षी कामांची घाई होती, म्हणून बाईंनी त्या एका व्याख्येची माहिती एका मुकादमाकडून फोनवर घेतली. गोल्टी, मध्यम, मोठा अशी प्रतवारी करणे, नासका काढणे, गोणी भरणे. पुण्याच्या बैठकीत व्याख्या मंजूर झाली आणि पारनेरला वर्ग काढायचं ठरलं. ऑफिसात पेढे वाटले.

ही बातमी द्यायला आम्ही दोघं तिथल्या एका वस्तीवर गेलो. बाया कांदा साठवायच्या चाळीपुढे ढिगाभोवती बसल्या होत्या. कौसाबाई त्यांच्यात वडीलधाऱ्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या कामाला नाव पडलं, लई झाक झालं." बाईंनी सवयीने विचारलं, "कौसाबाई, तुम्ही आजारी पडलात तर कुणाला बोलावतात?"

"कवा? बाजाराला न्यायच्या येळंला व्हय? तवा कुनीबी चालतंय. ल्हान-मोठा तर पोरंबी निवडत्यात."

"आणि एरवी?"

"चाळीत भरायच्या येळंला मातर आमी दोघी-तिघीच. कोन्ता दिवाळीपत्तोर टिकंल आन् कोन्ता आखाडातच पानी सोडंल, ते हाताला कळाया लागतंय. एक जरी सडका आत गेला, तर शेजारच्यांना घिऊन जातो."

बाई त्यांच्या हातांकडे बघू लागल्या. कांद्याची मान दाबून बघणं, जोड कांदा आणि फुलाचा दांडा आलेला डेंगळा वेगळा काढणं, यातलं काही आमच्या व्याख्येत नव्हतं. मंजूर झालेल्या वर्गात लहान-मोठा निवडायला शिकवलं जाणार होतं, आणि ज्यांच्यासाठी बाई झटत होत्या त्या पुन्हा इतरांतच राहणार होत्या.

परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "बाई, आता राहू द्या. वर्ग तरी निघतोय. दुरुस्ती पुढे बघू." माझं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. प्रस्ताव परत घेतला, तर वर्ग निदान वर्षभर लांबणार होता, कदाचित कायमचाच जाणार होता. आणि त्याच वर्षी बाई निवृत्त होणार होत्या.

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "फोनवर व्याख्या केली मी. त्याचं प्रमाणपत्र त्यांच्या गळ्यात का बांधायचं?"

पुढच्या बैठकीला मी त्यांच्यासोबत होतो. पुण्याचे साहेब चिडले. "मॅडम, मंजूर झालेलं कुणी परत मागतं का?"

"मीच चुकीचं दिलं होतं, सर. मग मीच मागणार. ही दोन कामं आहेत."

"आधी एक चालवा. दुसऱ्याचं बघू."

"एक चालवलं की दुसरं कुणी बघत नाही, सर. मी या खात्यात आहे, मला माहीत आहे." कोणीतरी हसलं. साहेबही थोडे हसले आणि त्यांनी प्रस्ताव परत दिला. एवढ्या माणसांत आपली चूक इतक्या सरळ आवाजात सांगणारं माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो, याचा मला अभिमान आहे.

कौसाबाईंना सांगायलाही त्या स्वतः गेल्या. कौसाबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला नाही. "म्हंजी आलेलं परत धाडलं तुमी? आवो, आमाला कागुद मिळायच्या आधी तुमी रिटायर व्हताल."

"होईन. पण येत राहीन."

त्या संपूर्ण हंगामात बाई सुट्टीच्या दिवशी त्या ढिगापाशी जाऊन बसत. नवी व्याख्या तिथेच झाली. मी वाचून दाखवायचो आणि बाया दुरुस्त करायच्या. बाई निवृत्त झाल्या तेव्हा ती पुण्यात पडून होती. दर पंधरवड्याला त्यांचा मला फोन यायचा. "लेखकराव, कांदा कुठवर आला?" मग दुखणं निघालं, आवाज बारीक झाला, तरी प्रश्न तोच.

मंजुरी आली तेव्हा त्यांचे उपचार चालू होते. वर्गाच्या पहिल्या दिवशी त्या डोक्याला रुमाल बांधून पारनेरला आल्या आणि शिकणाऱ्या बायांच्या ओळीत बसल्या. कौसाबाई शिकवत होत्या. बाईंनी एक कांदा टिकाऊ म्हणून बाजूला ठेवला. कौसाबाईंनी तो उचलून मान दाबली. "बाई, ह्यो आखाडातच गेला असता. ध्यान कुठं हाय?"

बाई मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ऐकलंत? लिहून घ्या." मग त्यांनी दुसरा कांदा घेतला. ती आमची शेवटची भेट.

जिल्ह्याच्या आराखड्यात आता कांद्याची दोन कामं आहेत. पारनेरला चाळीच्या निवडीचा वर्ग चालू आहे आणि तिथे कौसाबाई शिकवतात. बाईंची जागा अजून भरलेली नाही. त्यांच्या टेबलाशी सध्या मी बसतो.