शिव शिव मोजत उतरलेला घाट

पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या लिंबापाशी पोचली, की अण्णांचे ओठ हलायला लागायचे. "शिव शिव, शिव शिव..." चारदा म्हणून व्हायच्या आत आमची मोटार त्याच झाडापाशी आली, तर ते लगेच वेग उतरवायचे. मागून कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "निधान, निधान." कानडीत त्याचा अर्थ सावकाश.

अण्णा मूळचे मुरुमचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. निजामाच्या अमलात तुळजापूर ते सोलापूर प्रवासी मोटार चालवायचे. मी तुळजापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर. औषधं आणायला दर आठवड्याला त्यांच्या शेजारी बसायचो, रिकाम्या बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन. एवढा धिप्पाड माणूस साध्या बैलगाडीलाही बिचकायचा. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

"व्हय, भितो," ते म्हणायचे. "गाडी पळवाया कुनीबी शिकंल. थांबाया तिला किती जागा लागती, ते ठावं पायजे."

एका उन्हाळी दुपारी आम्ही घाट उतरत होतो. पुढं शेंगांच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेली लॉरी. धुरळ्यात तिची मागची फळी मधूनच दिसायची. आमच्या मागच्या बाकावर एक पोलीस अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, बसला होता. त्याला सोलापूरची रेल्वे गाठायची होती.

"और नजदीक लगाव! भोंगा बजाव, आगे निकाल!"

"साहेब, उतार हाय."

अमीन उठला. त्यानं कमरेचं पिस्तूल काढून अण्णांच्या मानेला टेकवलं. "रेल छूटी तो तेरी खैर नहीं."

एका बाईनं पोराचं तोंड पदराखाली दाबून धरलं. अण्णांच्या मानेवरून घामाची धार निघाली, चाकावरचे हात लटलटायला लागले. पण ओठ हलतच होते. शिव शिव, शिव शिव. अंतर त्यांनी कमी होऊ दिलं नाही.

तेवढ्यात पुढं काडकन आवाज झाला. लॉरीचा आस मोडला आणि ती रस्त्यात आडवी झाली. अण्णा ब्रेकवर जवळजवळ उभेच राहिले. मोटार घसरत, किंचाळत गेली आणि पोत्यांपासून हातभर अलीकडं थांबली. डावीकडं दरी होती.

अमीनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमास्नी भ्यालो, साहेब," अण्णा पुटपुटले. "पन लॉरीला जास्त भ्यालो."

अमीन उतरला आणि घाट पायी उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी किल्ली मालकाच्या हाती दिली. हातांचा कंप थांबेना. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. चांगला होता, पण पुढं लॉरी दिसली की मी डोळे मिटून घ्यायचो.

काही महिन्यांनी मी मुरुमला जाऊन त्यांना भेटलो. कपबशी त्यांना धरवत नव्हती. बायकोच बशीतून चहा पाजत होती. मधेच बशी बाजूला सारून त्यांनी माझं मनगट धरलं.

"कंपाउंडरसाहेब, खरं सांगा. त्या दिशी समदी उतरली न्हवं? ते पोरगंबी?"

"सगळे उतरले, अण्णा. पोरगंसुद्धा."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं.