वाकळ केळशीला गेली

गाडी सुटली! दापोली स्टँडवरून धूर सोडत वळणावर गेली पण, नि तिच्या खिडकीतल्या सीटवर माझ्या सासूची वाकळ (जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी). मी खाली उभी. कडेवर पोर, खांद्याला पिशवी.

"मॅडम, ती केळशीची होती!" एवढंच ओरडले.

आपल्याकडची सवय तुम्हाला ठाऊक आहे. एसटी लागली की दाराशी ही रेटारेटी, म्हणून आधी खिडकीतून काहीतरी आत टाकायचं, की सीट आपली. कुणी रुमाल टाकतं, कुणी टोपी. पालीच्या बाजारादिवशी एकीनं पाय बांधलेली कोंबडी टाकलेली मी बघितली आहे. मी वाकळ टाकली. आंजर्ल्याची गाडी समजून! आठवी शिकलेय, पाटी वाचता येते हो मला. पण पोर रडत होती, मागून बाया ढकलत होत्या, नि मी दाराशी पोचायच्या आत कंडक्टरनं बेल मारली.

मॅडम म्हणजे रत्नागिरीच्या कॉलेजातल्या. वाकळींचा इतिहास हा त्यांचा अभ्यास. त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय. "ते माझ्या परीक्षकांनी वाचलं नि माझ्या नवऱ्यानं, तोही निम्म्यात झोपला," असं त्याच सांगतात नि हसतात. म्हणून आता त्या गावोगाव जातात. ज्यांच्या वाकळी त्यांनाच बरोबर नेतात, दोरीवर वाकळी टाकतात, नि म्हणतात, तुम्हीच सांगा. त्या दिवशी आंजर्ल्याच्या शाळेत माझी पाळी होती. मला तर चार माणसांत पाणी मागायची भीती.

त्यात सासू. आमच्या वाकळीच्या मधोमध एक पांढरा तुकडा आहे. आजेसासूनं धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी नेसलेल्या लुगड्याचा. सासूनं घडी माझ्या हातात दिली नि म्हणाली, "जशी नेतेस तशी आण. टाका पण इकडचा तिकडं नको." आता टाका कसला, वाकळच नाय!

मॅडमनी रिक्षा केली. मी मुसमुसायला लागले तर रिक्षावाला मागं बघून म्हणतो, "वैनी, रडताव कशाला? केळशीच्या पुढं गाडी जाणार कुठं? पुढं समुद्र हाय!"

मॅडम हसल्या. माझी पोरगी पण हसली, तिला काय कळलं कोण जाणे.

रस्ता लई सुंदर होता म्हणे. लाल जांभ्याचे कडे, कलमांच्या बागा, उतारावर एकदम निळा समुद्र नि काठाला सुरूची झाडं. मला येताना दिसलं ते. जाताना मी फक्त पुढच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होते. आता वाचत होते!

केळशीत गाडी उभी होती. रिकामी. सीटवर काही नाय. कंडक्टर चहा पीत होता.

"ती गोधडी होय? ती तिकडं. बायांनी उतरवली."

झाडाखालच्या पारावर वाकळ पसरलेली, नि भोवती मासळीच्या टोपल्या बाजूला ठेवून बायाच बाया. धड वाकळ दिसेना, नुसती डोकी.

"हे पोपटी पातळ माझ्या आयशीचं होतं गो!"

"तुझ्या आयशीचं इथं कसं येईल? उडून?"

"अगो अस्संच होतं. हेच काठ."

मॅडमनी बॅगेतून लॅपटॉप अर्धा बाहेर काढला होता. तो परत आत सारला नि सरळ खाली मातीत बसल्या. "तुमच्या आईला ते कुणी आणलेलं?"

"बापसानं. मुंबईला गिरणीत होता."

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "नि हे तुमच्याकडं?"

"आजेसासऱ्यानं," मी म्हटलं. "तो पण गिरणीत."

मॅडम म्हणाल्या, गावं लांब, माणसं वेगळी, पण मुंबईत पगाराला पातळं घेत होती एकाच बाजारात. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी पण! पांढऱ्या तुकड्याचं सांगितलं, आजेसासू दीक्षेला चालत कशी गेली, येताना कशी मान वर करून आली. केव्हा सांगून झालं मला कळलंच नाय. एका बाईनं माझी पोर मांडीवर घेतलेली.

तेवढ्यात यमुनाकाकी म्हणून एक म्हातारी होती, तिचं बोट कोपऱ्यात अडकलं. वाकळ फाटली होती. माझ्याच हातून, आत टाकताना खिडकीच्या खिट्टीला अडकून.

"जा गो, सुई आण," तिनं सुनेला पिटाळलं. "नि माझं हिरवं फाटलेलं लुगडं. आमच्या गावातून फाटकी वाकळ परत जाऊ देऊ व्हय?"

मॅडमचा चेहरा उतरला. "काकी, थांबा. जुनी वस्तू आहे, आहे तशी जपायची असते."

"मग पांघरायची कदी?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "वाकळ हिची आहे. हिला विचारा."

सगळ्या माझ्याकडं. कानात सासू. समोर दोरा ओवलेली सुई.

"लावा," मी म्हटलं.

मग तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी खाल्ली, तिखटानं नाकातून पाणी. दुपारी आंजर्ल्याला पोचलो, तर मॅडमनी शाळेचा हॉल नकोच म्हटलं. पायरीवर वाकळ पसरली नि विचारलं, "ह्यातलं कुठलं पातळ तुमच्या घरात होतं?" मी भ्याले, पण कमी.

दुसऱ्या दिवशी घरी सासूनं वाकळीवरून हात फिरवला. कोपऱ्यातल्या हिरव्या तुकड्यावर थांबला.

"हे कुणाचं?"

मी सगळं सांगितलं, एका दमात. सासू उठली, ट्रंकेतून तिचं जुनं जांभळं लुगडं काढलं, दातानं धरून टरकन एक तुकडा फाडला नि माझ्या पुढ्यात टाकला.

"तिला नेऊन दे. घेतलंस तर द्यायला नको?"

तुकडा माझ्या पिशवीत आहे. आता परत दापोली, परत तो स्टँड, नि भीती अजून आहेच. पण तो पार आठवला की हसू येतं. मॅडम म्हणतात वाकळ बदलली, सासू म्हणते वाढली. मला ठरवता येत नाय. तुम्हीच सांगा, कानात सासूचा शब्द नि समोर ती सुई असती, तर तुम्ही काय केलं असतंत?